व्होल्ट भरपूर

वादळाने विजेचे खांब आडवे केले त्याला बरेच दिवस झाले होते, आणि खांब अजून आडवेच होते. सुरुवातीला लोक वीज कार्यालयात जाऊन भांडले, मग जाऊन विनवण्या केल्या, आणि मग जायचंच सोडून दिलं. माणसाला अंधाराची सवय होते. अंड्यांना गारव्याची होत नाही, आणि कोंबडीवालीची सगळी काळजी तेवढीच होती.

अंडी उबवायच्या पेटीतला पंखा थांबला तशी ती जागी झाली. रात्रभर तो कानाशी गुरगुरत असायचा, तेव्हा झोप लागायची. थांबला की डोळे टक्क उघडायचे. बाहेर नुकतं फटफटत होतं. तिने पेटीचं झाकण बोटभर उघडून हात आत घातला. ऊब होती, पण उतरणीची. आतले दोन्ही दिवे विझलेले.

"आई, उठा. चूल पेटवा."

सासू उठलेलीच होती. म्हातारीला झोप कसली. तिने राख बाजूला सारून फुंकर मारायला सुरुवात केली. धूर डोळ्यांत गेला तशी म्हणाली, "आपण बायकांनी पोरं वाढवली ती चुलीच्या उबेवर. आता कोंबड्यांचीही वाढवायची."

पाणी कढत झालं. कोंबडीवालीने ते बाटल्यांत भरलं, बाटल्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि अंड्यांच्या रांगांमध्ये एकेक सरकवली. बोटांना कालचेच फोड होते, त्यांवर आज नवे. झाकण लावून ती पेटीला पाठ टेकून बसली. पेटी लाकडी होती, नवऱ्याने हाताने बनवलेली: आत गाडीच्या दिव्याचे दोन बल्ब, एक पंखा, आणि फार तापलं की दिवे बंद करणारी एक चकती. पेटी चांगली होती. याबाबतीत नवऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

उन्हाळ्यात रोग आला आणि गावातल्या कोंबड्यांनी पटापट माना टाकल्या. तिचं खुराडंही रिकामं होत गेलं. शेवटच्या चार-सहा कोंबड्या उभ्या होत्या तोवर त्यांनी दिलेलं प्रत्येक अंडं तिने साठवलं, एकही विकलं नाही की घरात फोडलं नाही. मग महिन्याभरापूर्वी त्याही गेल्या. गावात एक खुडूक कोंबडी उरली नव्हती, जिच्या पोटाखाली ही अंडी सरकवावीत. जे काही होतं ते या पेटीत होतं. अंडी फुटून पिल्लं निघाली तर पुन्हा खुराडं भरणार होतं आणि घर हलणार नव्हतं. नाही फुटली तर वीटभट्टी. मुकादमाचा ट्रक दर हंगामाला यायचा, यंदाही येणार होता.

भट्टीवर ते दोघं एकदा जाऊन आले होते. नवऱ्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मुकादम हजेरी घेताना या जोडप्याला 'दीड माणूस' म्हणायचा, आणि सगळे हसायचे. अर्धा कोण ते सांगावं लागत नव्हतं. त्या अर्ध्याचं काम भरून काढता काढता तिची मान कायमची एका बाजूला झुकली. परत आल्यावर ती नवऱ्याला एकच वाक्य बोलली होती, "मी भीक मागेन, पण तिथं परत येणार नाही." आणि मग तिने कोंबड्या धरल्या.

"गेली का बॅटरी?" नवरा अंथरुणातूनच म्हणाला.

"गेली."

"पूर्ण?"

"अर्धी जाते का कधी? दिवे विझले म्हणजे गेली."

"मग दुपारी टेस्टिंग घेऊ," तो म्हणाला, आणि अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

टेस्टिंग हा शब्द तो तोंड भरून उच्चारायचा. गावात त्याला वायरमन म्हणत. खरं पाहता तो वायरमनच्या हाताखालचा, शिडी धरणारा. एकदा खुद्द वायरमन आला नाही म्हणून याने खांबावर चढून पाहिलं, झटका बसला, खाली पडला आणि हात गेला. नोकरी गेली, नाव मात्र राहिलं. लोक ते थोडं कौतुकाने आणि बरंच चेष्टेने घेत. त्याला फक्त कौतुकच ऐकू यायचं.

छपरावरच्या चार सोलर प्लेटा त्यानेच आणल्या होत्या. शहरातला एक दवाखाना बंद पडला तेव्हा तिथलं सामान उतरवून देण्याच्या बदल्यात त्याला त्या मिळाल्या. घरावर पत्रे. पत्र्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चार प्लेटा, एकमेकींना चिकटून, एका रांगेत. पत्रे इतके गंजलेले की भलतीकडे पाय पडला तर माणूस थेट चुलीपाशी. म्हणून प्लेटांवरूनच चालायचं, असा नियम त्यानेच घालून दिला होता. "गारा पडल्या तरी फुटत नाही ही काच," तो म्हणायचा. "तुझं वजन ते काय!"

दुपारी ऊन डोक्यावर आलं तसा त्याने शिडी लावली आणि डाव्या हाताने धरली. पदर खोचून ती वर चढली. पत्रा तव्यासारखा तापलेला. पहिल्या प्लेटवर पाय ठेवला तर तीही चटका देत होती, पण पत्र्यापेक्षा बरी. प्रत्येक प्लेटची जोडणी अलीकडच्या कडेला होती. दुसरीची जोडणी सोडवायला पहिलीवर गुडघे टेकायचे, तिसरीसाठी दुसरीवर, चौथीसाठी तिसरीवर. वादळ झाल्यापासून हे जवळजवळ रोजचं होतं. गुडघ्यांची कातडी काळी पडली होती.

मीटर खाली त्याच्या हातात. मीटरच्या तारा त्याने लांब करून वर सोडल्या होत्या. ती टोकं लावायची आणि तो खालून आकडा ओरडून सांगायचा.

"लाव!"

"लावली."

"वीस! भरपूर व्होल्ट! पुढची."

"लावली."

"वीसच्या वर! नवी कोरी प्लेट आहे. पुढची."

सासू दारात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "नवऱ्याने शिडी धरायची आणि बायकोने छपरावर नाचायचं. कसला काळ आला बाई."

"आई, मध्ये बोलू नका. आकडा चुकतो."

"चुकतोय कुठे? रोज तोच तर येतो."

आकडा खरोखरच चुकत नव्हता. चारही प्लेटा भरपूर. मग बॅटरी का भरत नव्हती? कोंबडीवाली खाली उतरली, तळपाय लाल झालेले. रांजणातलं पाणी पायांवर ओतून तिने विचारलं, "त्या मीटरला बाजूला आणखी एक भोक आहे. त्यात पिन घालून काहीतरी दुसरं मोजतात ना? दवाखान्यातला तो माणूस मोजत होता."

"ते मोठ्या लायनीचं असतं," तो घाईने म्हणाला. "घरच्या कामाला व्होल्ट बघितले की पुरे. मी इतकी वर्षं काय हजामत केली?"

तेवढ्यात रस्त्यावरून मुकादमाची मोटारसायकल आली. तो थांबला, एक पाय जमिनीला टेकवून छपराकडे पाहत राहिला.

"काय वायरमन, सूर्य उतरवताय का खाली?"

"टेस्टिंग चाललंय."

"उद्या सकाळी ट्रक निघतोय. माणसं कमी पडतायत यंदा. बघा, विचार करा." त्याने कोंबडीवालीकडे पाहिलं. "दीड चालेल."

ती आत निघून गेली. नवरा हसला. त्याला हसावंच लागलं, आणि ते हसू मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत त्याला तोंडावर धरून ठेवावं लागलं.

मुकादम गेल्यावर त्याचं डोकं फिरलं. मीटर सांगतंय प्लेटा भरपूर. बॅटरी सांगतेय मी उपाशी. मधल्या मध्ये वीज जाते कुठे? कुणीतरी चोरतंय. आणि चोर कोण, हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. पलीकडच्या गल्लीत त्याचा थोरला भाऊ टेलर. दोन्ही घरांची मागची भिंत एकच. सगळं गाव अंधारात असताना टेलरचं शिलाई मशीन दिवसभर घर्र घर्र चालत होतं.

"अहो, भाऊजींची स्वतःची प्लेट आहे," ती म्हणाली.

"एक! एका प्लेटवर मोटर चालते का दिवसभर? मला शिकवू नकोस."

"चालते की. त्यांच्याकडे बॅटरीसुद्धा नाही. ऊन गेलं की मशीन बंद, रोज दिसतं."

"दिसतं ते खरं नसतं," असं म्हणून तो निघाला. ती मागोमाग धावली.

टेलरच्या दुकानात गावातली मास्तरीण कपड्यांसाठी थांबली होती. टेलर मशीनवर वाकलेला, ओठांत टाचण्या. भावाने उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

"दादा, वायर कुठून ओढलीय सांग!"

टेलरने मान वर केली. ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या, आणि मग म्हणाला, "कसली वायर?"

"माझ्या प्लेटांची वीज तुझ्या मशीनला चाललीय. भिंत एक आहे म्हणून घरही एक समजतोस काय?"

"उन्हात फार फिरतोस तू," टेलर म्हणाला. "बस, पाणी पी."

हे शांत बोलणंच वायरमनला झोंबलं. लहानपणापासून झोंबत आलं होतं. त्याने पुढे होऊन मशीनमागची वायर धरली आणि डाव्या हाताने हिसका दिला. मोटर थांबली, सुई कापडातच मोडली. वायर हातात आली, आणि तिच्यामागोमाग त्याची नजर वर गेली. वायर छपरातून सरळ टेलरच्या एकुलत्या एक प्लेटपाशी जात होती. दुसरी वायर कुठेच नव्हती. भिंतीला भोक नव्हतं की खिळा नव्हता.

मास्तरीण म्हणाली, "अगं बाई, माझं कापड."

टेलरने कापडातला सुईचा तुकडा उपटला. कापडाला चीर पडली होती. ती त्याने बोटाने चाचपली, बराच वेळ चाचपली. मग म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर चोर ठरवलंस. आता या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

"नाही ठेवणार! गळ्यात धोंडा बांधून विहिरीत जाईन, पण इथे येणार नाही."

"अगं, तुझ्यासमोर बोलतोय तो," असं टेलरची बायको धाकट्या जावेला उद्देशून काही म्हणणार होती, पण जावेचा चेहरा बघून तिने तोंड मिटलं. कोंबडीवालीला वाटलं, पत्रा फाटून आपण आत्ताच्या आत्ता खाली पडावं. पण इथे पायांखाली जमीन होती, आणि जमीन काही फाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला नाही. माणसं पुरी झाली नव्हती, आता उद्या निघणार असं कळलं. पेटीची गत तीच. उजाडायच्या आत दिवे गेले, पुन्हा बाटल्या, पुन्हा चूल. सरपण संपत आलं होतं. म्हातारीने खुराड्याची एक फळी काढून चुलीत घातली. सुनेने पाहिलं आणि पुढची बाटली भरायला घेतली. अंडी उद्या-परवा फुटायची होती. या दिवसांत ती हलवायची नसतात, झाकण उघडायचं नसतं, आणि ऊब तर मुळीच तुटू द्यायची नसते. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि यातलं एकही तिच्या हातात नव्हतं.

तरी बाटली सरकवताना तिने एक अंडं कानाशी धरलं. काही नाही. दुसरं धरलं. आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं. तिचा जीव एकदम भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला. जिवंत आहे म्हणजे आता मरू शकतं.

नवरा कालपासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. ऊन चढलं तशी तीच उठली. मीटर तिने घेतलंच नाही. पेटीचा एक जादा बल्ब डब्यात होता. तो घेतला, वायरचे दोन तुकडे घेतले आणि सासूला म्हणाली, "आई, शिडी धरा."

"मीटर राहिलं की."

"आकडे ऐकून पोट भरलं. मला उजेड पडतो का तेवढं बघायचंय."

म्हातारीने दोन्ही हातांनी शिडी कवटाळली. कोंबडीवाली वर चढली, पहिल्या प्लेटची जोडणी सोडवली आणि तिला बल्ब लावला. भर दुपारचं ऊन. तिने पदराची सावली केली तेव्हा कुठे दिसलं: बल्बातली तार विडीच्या टोकासारखी लाल झाली होती, तेवढीच. तिला वाटलं बल्ब खराब. पहिलीवर गुडघे टेकून दुसरीला लावला. थोडा बरा, पिवळट. तिसरीला लावला, त्याहून बरा. चौथीला लावला आणि तिचे डोळे दिपले. बल्ब असा पेटला की हाताला धग लागली आणि तिने तो पटकन सोडवला.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. पहिली सगळ्यात मेलेली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी धडधाकट.

चौथीवर तिचा पाय कधी पडलाच नव्हता.

तिने खाली वाकून, काचेला गाल लावून तिरपं पाहिलं. वरून काच गुळगुळीत होती, एक ओरखडा नव्हता. पण काचेखालच्या काळ्या चौकोनांत केसासारख्या बारीक भेगा होत्या. पहिल्या प्लेटवर तर जाळंच. सगळ्यात दाट कुठे, तर शिडीवरून पहिला पाय पडायचा तिथे, आणि गुडघे टेकायचे त्या दोन जागी. काच फुटत नव्हती हे खरं होतं. काच नुसती लवत होती, आणि तिच्या पोटातलं तडकत होतं.

"काय झालं गं?" खालून म्हातारी ओरडली. "पडतेस की काय?"

ती उतरली. आत जाऊन नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली.

"प्लेटा मी मारल्या," ती म्हणाली. "रोज वर चढून, रोज तुडवून. तुम्ही खालून आकडे वाचत होतात आणि मी वर एकेक चौकोन फोडत होते. चोर शोधायला भाऊजींच्या दारात गेलो आपण. चोर माझ्या पायांत होता."

तो उठून बसला. "काहीतरीच. व्होल्ट भरपूर आहेत."

"आहेत ना. बल्ब लावून बघा. व्होल्ट आहेत आणि उजेड नाही. भरल्या घागरीला नळीएवढं तोंड असावं तसं झालंय. ते दुसरं भोक होतं ना मीटरला, त्यात बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्याने तोंड वळवलं. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "ते जळलंय."

"काय?"

"ते भोक. थंडीतच. पिन त्यात राहिली होती आणि मी बॅटरीला लावलं. ठस् करून आवाज झाला. आतलं काहीतरी गेलं."

"आणि सांगितलं नाहीत."

"काय सांगू? वायरमनने मीटर जाळलं म्हणून सांगू?"

तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही पूर्ण येईना. समोर बसलेल्या माणसाचा एक हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. सुंभ जळला होता, पीळ तेवढा शिल्लक होता, आणि त्या पिळावर हा माणूस उभा होता. तोही काढून घेतला तर खाली काय उरणार, ते तिला दिसत होतं.

"भाऊजींची प्लेट मागून आणा," ती म्हणाली. "चौथी आणि ती, दोन झाल्या तर उद्याच्या उन्हात बॅटरी भरेल. आजची एक रात्र मी बाटल्यांवर काढते."

"मी जाणार नाही."

"दोन शब्द बोलायचे आहेत."

"तेच दोन नाही बोलणार."

मग ती गेली.

टेलर आज पायाने मशीन चालवत होता. मोटरची वायर अजून जोडली नव्हती. मास्तरणीच्या कापडाच्या चिरेवर तो बारीक टाके घालत होता. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, पायांचं, भेगांचं, मीटरचंही. काही लपवलं नाही. टेलरने मशीन थांबवलं नाही.

"त्याने यावं," तो म्हणाला. "'दादा, चुकलं' म्हणावं. प्लेट काय, छप्पर काढून देतो."

"ते येणार नाहीत, भाऊजी."

"मग अंडीही फुटणार नाहीत. त्याला मी काय करू?"

ती परत गेली नाही. उंबऱ्याला पाठ लावून बाहेर ओट्यावर बसली. गिऱ्हाइकं येत होती, तिला वळसा घालून आत जात होती. कुणी विचारलं, "काय गं, इथे का बसलीस?" ती म्हणाली, "उसनं मागायला." जावेने पाणी आणून दिलं. परत आत गेल्यावर जाऊ हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि टेलर मोठ्याने म्हणाला, "मला नको सांगूस. मला पण नाक आहे." मग मशीन पुन्हा सुरू. ऊन ओट्यावरून सरकत रस्त्यावर गेलं. तिच्या डोळ्यांसमोर सारखी पेटी येत होती. बाटल्या गार झाल्या असतील. आईंनी पाणी बदललं असेल का? बदलताना झाकण किती उघडलं असेल?

सावल्या लांब झाल्या तेव्हा मशीन थांबलं. टेलर बाहेर आला, तिच्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "काढ गं ती प्लेट. दोघी मिळून उतरवा. आणि कडेला धरा, वर पाय देऊ नका."

कोंबडीवाली उठायला गेली तर पाय बधिर झालेले. ती त्याच्या पाया पडायला वाकली तसा तो मागे सरला.

"हिच्यासाठी देतोय," तो बायकोला म्हणाला. "त्याच्यासाठी नाही. हे त्याला आठवणीने सांगायला सांग. मी पायाने चालवतो. मला पाय आहेत अजून."

प्लेट उतरवायला वेळ लागला. नटांना गंज चढला होता, एक तर जावेने दातांत पदर धरून फिरवला. मग दोघी जावा ती प्लेट आडवी धरून, एक पुढे एक मागे, गल्लीतून निघाल्या. रस्त्याने जाऊ म्हणाली, "दोन भाऊ, आणि एका प्लेटचं ओझं आपल्या मानेवर." कोंबडीवालीला त्या दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं. उद्या सकाळी ऊन पडलं की काय काय करायचं, ते ती मनात लावत चालली होती. आधी चौथी, मग ही, पहिल्या तिघी सोडून द्यायच्या. घर समोर आलं तेव्हा सूर्य नुकता खाली गेला होता.

दारातून उजेड येत होता. पेटीच्या फटींतून, पिवळा, भरगच्च उजेड. आणि पंखा गुरगुरत होता.

नवरा दारातच उभा होता. असा चेहरा तिने त्याचा फार दिवसांत पाहिला नव्हता. "ये, ये," तो म्हणाला. "ठेव ती प्लेट. गरजच नाही आता. बघ."

पेटीशेजारी एक मोठी काळी बॅटरी होती. ट्रकची. तिच्या चिमट्यांतून दोन जाड वायरी पेटीत गेलेल्या.

"दोन दिवस बघायला नको," तो म्हणाला. "पूर्ण भरलेली आहे. मी मोजली. आणि आतमध्ये ऐक, टोच मारायला लागलीत."

प्लेट अजून तिच्या हातात होती. दुसरं टोक जावेने भिंतीला टेकवलं.

"मुकादमाची?" तिने विचारलं.

"माणूस वाईट नाही तो. त्याने दुसऱ्या ट्रकची काढून दिली."

"कशाच्या बदल्यात?"

तो पेटीकडे बघू लागला. "उद्या सकाळी निघायचंय. हंगामभराचं तर आहे. दादाच्या दारात नाक घासण्यापेक्षा..."

"नावं किती दिलीत?"

"एकटा मी गेलो तर तो घेत नाही. तुला माहीत आहे."

"किती दिलीत?"

"दोघांची."

सासू चुलीपाशी बसली होती. तिने गुडघ्यांत तोंड घातलं. जाऊ म्हणाली, "अरे मेल्या, ही दुपारभर आमच्या ओट्यावर बसली होती रे."

कोंबडीवालीने प्लेट भिंतीला नीट लावली. मग पेटीपाशी गेली, खाली बसली आणि बॅटरीच्या चिमट्यावर हात ठेवला. एक पीळ द्यायचा होता. चिमटा निघाला असता, बॅटरी परत गेली असती, नाव परत आलं असतं. बाहेर अंधार पडत होता. चुलीजवळ सरपण म्हणून खुराड्याची दुसरी फळी तेवढी होती, आणि भिंतीला लावलेली प्लेट सकाळपर्यंत काही देणार नव्हती.

आतून आवाज आला. अगदी बारीक, कवचाच्या आतला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरा. एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी तसे ते एकामागून एक सुरू झाले.

तिने चिमट्यावरचा हात काढला. वायर नीट बसली आहे का तेही बघितलं.

"मी काय करू?" नवरा मागून म्हणाला. त्याचा चेहरा आता उतरला होता. काय झालं ते त्याला आत्ता कळत होतं, नेहमीसारखं उशिरा.

"ताई, आई, इकडे या," ती म्हणाली. दोघी जवळ आल्या. तिने झाकणाला असलेल्या काचेच्या चौकोनावरची वाफ पदराने पुसली. एक कवच दुभंगलं होतं आणि ओलं, काळपट, कुरूप काहीतरी त्यातून मान बाहेर काढून दमून पडलं होतं.

"याला हात लावायचा नाही," ती सांगू लागली. "कवच आपण सोलायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. आपण सोललं तर मरतं. सुकून फुललं की मगच बाहेर काढायचं. पहिल्या दिवशी खायला काही नाही. नुसतं पाणी. एकेकाची चोच बुडवून दाखवायची, नाहीतर त्यांना पाणी म्हणजे काय ते कळत नाही. एकाला कळलं की बाकीची बघून शिकतात."

"माझे हात थरथरतात गं," सासू म्हणाली.

"थरथरू देत. घट्ट नका धरू म्हणजे झालं. ताई, ही बॅटरी मुकादम परत नेईल तेव्हा तुमची प्लेट आणि आमची चौथी एकत्र जोडायची. भाऊजींना जमेल. वर चढायचं झालं तर पहिल्या तिघींवरून चढा, त्या गेलेल्याच आहेत. चौथीवर पाय देऊ नका."

जावेने मान हलवली.

"मांजर येतं मागच्या खिडकीतून. तिथे फडकं कोंबा. दाटीवाटी करून एकाच कोपऱ्यात बसली तर समजायचं गारठलीत. दिव्यांपासून लांब पांगली तर समजायचं उकडतंय. सगळीकडे विखरून बसली की बरं आहे."

म्हातारीने काचेला डोळा लावला. आत दुसरं कवच हलत होतं.

"आणि तू परत येशील तेव्हा ही केवढी झाली असतील गं?"

"अंडी घालत असतील, आई."